जुना ट्रॅक्टर कुठल्या साली जन्मला अन् तेव्हा काय पीत होता, ते कसं ओळखायचं

परवा रविवारी कांदिवलीहून विरार लोकल पकडून वसईला जाऊन आलो, मित्राच्या सासऱ्यांच्या ओळखीत कोणाच्या तरी वाडीत एक छोटा राखाडी ट्रॅक्टर पडलाय अन् विकायचाय म्हणून. मालक एकदम ठाम. "एकोणपन्नासचा फर्ग्युसन आहे दादा, ओरिजिनल डिझेल, सिंगल ओनर." मी काही बोललो नाही, चहा घेतला आणि गोणपाट टाकून ट्रॅक्टरखाली आडवा झालो. कारण त्या एका वाक्यातच घोळ होता, फर्ग्युसन कंपनीचा स्वतःचा डिझेल ट्रॅक्टर इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीच्या कारखान्यातून निघायला १९५१ साल उजाडलं. म्हणजे एकतर साल खोटं नाहीतर डिझेल खोटं, नाहीतर दोन्ही. त्यात नेमकं काय खोटं होतं ते शेवटी सांगतो, पण त्या निमित्तानं ही सगळी शोधाशोध कशी करायची ते लिहून काढतो, दर दोन महिन्यांनी कोणी ना कोणी मला फोटो पाठवून विचारतंच की भाऊ हा कितीचा आहे अन् घेऊ का.

माझे बाबा इथं कांदिवलीतच ट्रॅक्टरच्या कारखान्यात असेंब्लीवर होते, रिटायर झाल्यावरही रस्त्यात ट्रॅक्टर दिसला की थांबून वाकून बघायचे. ते म्हणायचे रंग सगळ्यात शेवटी बघायचा. रंगारी दोन दिवसात १९७५ चा ट्रॅक्टर १९५० चा करून देतो. रंगाच्या खालोखाल खोटं बोलते ती फ्युएल सिस्टीम, कारण आपल्याकडे ट्रॅक्टर हौसेला नाही पोटासाठी ठेवलेला असायचा, जे इंधन स्वस्त त्यावर तो चालवायचा, पंप गेला की जो हाताला लागेल तो पंप, टाकी सडली की दुसऱ्याची टाकी. त्यामुळे समोर आज जो पंप किंवा कार्बोरेटर दिसतोय त्यावरून साल काढायला गेलात तर हमखास फसणार. उलट आधी साल काढायचं, मग त्या सालात कारखाना त्यावर काय बसवत होता ते बघायचं, मग समोरचं त्याच्याशी जुळतंय का ते बघायचं, आणि नसेल जुळत तर जुन्या सामानाच्या खुणा शोधायच्या. सामान काढून नेता येतं, भोकं नेता येत नाहीत.

सोबत काय न्यायचं? पितळी तारेचा ब्रश, चिंध्या, बाटलीभर डिझेल (रॉकेल आता मुंबईत मिळवायचं म्हणजे ओळख लागते), पांढरा खडू, टॉर्च, छोटा आरसा, साधा कागद अन् पेन्सिल, एक लोहचुंबक. ग्राइंडर आणि पॉलिश पेपर घरी ठेवा, हात जोडून सांगतो. एका माणसाने चेसिस नंबर "साफ" करायला ग्राइंडर फिरवला होता, नंबर साफच झाला. डिझेलमध्ये चिंधी भिजवून तासभर नंबरच्या जागेवर ठेवा, मग ब्रश हळू मारा, पुसून कोरडं करा आणि खडू आडवा घासा, पंचिंगच्या खाचेत खडू बसत नाही पण बाजूला बसतो, नंबर पांढऱ्यावर काळा उठून दिसतो. तरी नाही दिसला तर टॉर्च एकदम तिरका धरून फोटो काढा. नाहीतर लहानपणी नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल घासायचो तसं करा, ते तर कधीच फसत नाही.

आता पाटी. जुन्या ट्रॅक्टरला पत्र्याची नाहीतर पितळी नंबर प्लेट असते, फर्ग्युसनला ती डॅशबोर्डवर स्टिअरिंगजवळ. पाटीवर काय लिहिलंय ते नंतर, आधी ती कशाने ठोकलीय ते बघा. कारखान्यातली पाटी बहुतेक बारीक ठोकायच्या खिळ्यांनी बसवलेली असते, डोकं गोल आणि भरीव. तुम्हाला मध्ये भोक असलेले ॲल्युमिनियमचे पॉप रिव्हेट दिसले तर ती पाटी एकदा तरी निघालेली आहे. निघालेली म्हणजे खोटीच असं नाही, रंग मारायला पण काढतात, पण मग तिच्या एकटीच्या साक्षीवर पैसे मोजायचे नाहीत. वसईच्या पाटीला चारही पॉप रिव्हेट होते, मी मनात म्हटलं झालं, पाटीच ढापलेली आहे.

पाटीवरच्या कंपनीच्या नावावरून पण साल बऱ्यापैकी आवळता येतं. नुसतं फर्ग्युसन असेल तर वेगळा काळ, १९५३ मध्ये मॅसी-हॅरिस आणि फर्ग्युसन एकत्र आले तेव्हा तिन्ही नावं एकत्र असलेली कंपनी झाली, आणि १९५८ च्या आसपास मधलं हॅरिस गळून नुसतं मॅसी फर्ग्युसन राहिलं. आपल्याकडचं उदाहरण द्यायचं तर महिंद्राचं. १९६३ मध्ये अमेरिकेच्या इंटरनॅशनल हार्वेस्टरबरोबर भागीदारीत इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया निघाली, बी-२७५ मॉडेल घेऊन, आणि १९७७ मध्ये ती महिंद्रा अँड महिंद्रात विलीन झाली. तेव्हा पाटीवर जुन्या कंपनीचं नाव असेल तर ट्रॅक्टर या दोन सालांच्या मधला, मालक काहीही म्हणो.

डीलरची पाटी मात्र लोक बघतच नाहीत, आणि माझा सगळ्यात लाडका पुरावा तोच. मडगार्डवर नाहीतर टूलबॉक्सवर विकणाऱ्या दुकानाची छोटी पाटी असायची, नाव, रस्ता, बॉम्बे. आता बघा, पत्त्यात नुसतं बॉम्बे १ किंवा बॉम्बे २६ असं एक-दोन आकडी लिहिलेलं असेल तर ती पाटी बहुतेक पिनकोडच्या आधीची, कारण सहा आकडी पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला. ४०० ने सुरू होणारा आकडा असेल तर त्यानंतरची. इंग्रजीत मुंबई लिहिलं असेल तर १९९५ नंतरची, म्हणजे ती कोणीतरी हौसेने नवीन करून घेतलीय. फोन नंबर किती आकडी आहे तेही मोजा. बॉम्बे स्टेट असा शब्द दिसला तर १ मे १९६० च्या आधीचं असण्याची शक्यता जास्त. टाकीची मापं गॅलनमध्ये आहेत की लिटरमध्ये हेही बघा, मेट्रिक मापं आपल्याकडे १९५८ पासून टप्प्याटप्प्याने आली. हे सगळं ट्रॅक्टर कधी विकला ते सांगतं, कधी बनला ते नाही, पण बनला त्याआधीच असणार ना, म्हणजे वरची हद्द मिळाली.

आरसी बुकाचं पण तसंच. त्यावरचं साल नोंदणीचं असतं, बोटीनं आलेला माल गोदामात पडून राहायचा, खेड्यात तर ट्रॅक्टर चार वर्षं शेतात फिरल्यावर कोणीतरी आरटीओत न्यायचा. नंबर एमएच-११ किंवा एमएच-१० वगैरे असेल तर ती नोंदणी १९८९ नंतरची, त्याआधी तीन अक्षरं अन् मग आकडे असायचे. जुन्या ट्रॅक्टरला नवीन एमएच नंबर असेल तर घाबरू नका, उशिरा नोंदला असेल नाहीतर परराज्यातून आला असेल, फक्त आरसीवरचे चेसिस आणि इंजिन नंबर लोखंडावरच्या नंबरांशी अक्षर न् अक्षर जुळवा. इंजिन नंबर वेगळा निघाला तर तिथंच थांबून विचार करा.

आता नंबर वाचायचा कसा. फर्ग्युसनचं सोपं आहे म्हणून तेच धरतो, शिवाय खोटे दावे पण त्याचेच जास्त होतात. टीई म्हणजे ट्रॅक्टर इंग्लंड, २० हे मॉडेल. १९४६ ते १९५६ या दहा वर्षांत कॉव्हेंट्रीच्या बॅनर लेनला पाच लाख सतरा हजारांवर बनले. मधे जे तिसरं अक्षर येतं तेच इंधनाचं गुपित. अक्षर नाहीच, नुसतं टीई-२०, तर सुरुवातीचा, अमेरिकन कॉन्टिनेंटल पेट्रोल इंजिनवाला. टीईए म्हणजे स्टँडर्ड कंपनीचं पेट्रोल इंजिन. टीईडी म्हणजे रॉकेलवाला, १९४९ पासून. टीईएफ म्हणजे डिझेल, १९५१ पासून. टीईएच म्हणजे दिव्याच्या रॉकेलवर चालणारा, अजून हलक्या प्रतीच्या इंधनाचा. बाकीची अक्षरं अरुंद मॉडेल, द्राक्षबागेचं मॉडेल, इंडस्ट्रियल वगैरेची. नंबर मात्र सगळ्यांचे एकाच रांगेत चालले, म्हणजे साधारण ७८ हजारापासून १ लाख १६ हजारापर्यंत १९४९ साल, आणि २ लाख ४१ हजार ओलांडले की १९५२ सुरू. त्यामुळे कोणी टीईएफ अक्षरं आणि नव्वद हजारातला नंबर असलेली पाटी दाखवली तर हसून दुसरा चहा मागवा.

पुढचा ३५ नंबरचा ट्रॅक्टर १९५६ ला आला, तेव्हा राखाडी पत्रा आणि सोनेरी इंजिन, मग १९५७ च्या शेवटापासून लाल. रंग शेवटी बघायचा म्हटलं तरी इथं एक गंमत आहे, वरचा लाल थर जिथं उडालाय तिथं इंजिनवर सोनेरी दिसला तर तो सुरुवातीचा असण्याची शक्यता खूपच. त्याच्या नंबरच्या आधीच्या अक्षरांत दुसरं अक्षर जी असेल तर पेट्रोल, डी असेल तर चार सिलिंडर स्टँडर्ड डिझेल, एन असेल तर पर्किन्स या ब्रिटिश इंजिन कंपनीचं तीन सिलिंडर डिझेल. पर्किन्स १९५९ च्या शेवटी आला. ते चार सिलिंडर डिझेल थंडीत स्टार्ट व्हायला फार नखरे करायचं म्हणून बदनाम होतं, त्यामुळे बऱ्याच लोकांनी नंतर त्यात तीन सिलिंडर बसवलं. पाटीवर डी आणि समोर तीन नोझल (डिझेल फवारणारे, दर सिलिंडरला एक) म्हणजे इंजिन बदललंय, सरळ हिशोब.

बाकीच्यांचं पटकन. अमेरिकन फोर्ड ८एन लांबून फर्ग्युसनचा जुळा भाऊ वाटतो, कारण फोर्ड आणि फर्ग्युसन यांचा १९३८ पासून एकत्र कारभार होता, पण ८एनचा पत्रा राखाडी असला तरी पोट लाल, नंबर इंजिन ब्लॉकच्या डाव्या अंगाला पंच केलेला, आणि १९५० च्या मध्यात डिस्ट्रिब्युटर (प्लगना वीज वाटणारा डबा) इंजिनच्या पुढून काढून बाजूला नेला, तेवढं बघितलं तरी आधीचा की नंतरचा कळतं. फोर्डसन ई२७एन हा १९४५ ते १९५२, निळा अंग केशरी चाकं, मूळचा पेट्रोल-रॉकेलवर, पर्किन्सचं सहा सिलिंडर डिझेल हे १९४८ पासून ऑप्शन म्हणून. बी-२७५ च्या ब्रिटिश इंजिनाचं नाव बीडी-१४४, त्यातलं १४४ म्हणजे घन इंचातलं माप, म्हणजे २.३६ लिटर. रेडिएटरच नाही आणि सिलिंडरला पंख्यासारख्या पाकळ्या दिसल्या तर एअर कूल्ड आयशर, १९५९ पासून फरिदाबादला. आणि सगळे नटबोल्ट मेट्रिक पान्याने निघत असतील, झेटॉरसारखं तोंड असेल, तर एचएमटीने १९७१ मध्ये पिंजोरला झेटॉर सुरू केला हे लक्षात ठेवा.

पाटी आणि नंबर झाले की सुट्या भागांवरच्या तारखा. इथं ब्रिटिश ट्रॅक्टरवाल्यांची चैन आहे, कारण ल्युकास कंपनीच्या डायनामोवर, सेल्फवर, डिस्ट्रिब्युटरवर महिना आणि साल पंच केलेलं असतं, म्हणजे ८ ५४ असं दिसलं तर ऑगस्ट १९५४. डायनामोच्या अंगावर घाण इतकी चिकटलेली असते की कोणी बघत नाही, आरसा आणि टॉर्च इथंच कामाला येतात. ट्रॅक्टर बनल्याच्या दोन-चार महिने आधीची तारीख मिळाली तर सोनं. नंतरची मिळाली तर तो भाग बदललाय, किंवा तुमचं साल चुकलंय, आणि तीन भागांवर तीच नंतरची तारीख असेल तर दुसऱ्या ट्रॅक्टरचं अख्खं इंजिनच इथं येऊन बसलंय. टायरवर अजिबात जाऊ नका, चार आकडी आठवडा-साल कोड फक्त तो टायर कधीचा ते सांगतो, आणि टायर तर लोक ट्रॅक्टरपेक्षा जास्त वेळा बदलतात. आणि हो, ब्रिटिश ट्रॅक्टरला बॅटरीचा पॉझिटिव्ह बॉडीला अर्थिंग केलेला असायचा, उलटा करून घेतला असेल तर वायरिंग नव्याने झालंय.

आता मुख्य मुद्दा, इंधन. पेट्रोलवाला ओळखणं सोपं, कार्बोरेटर, प्लग, कॉइल किंवा मॅग्नेटो, चोकची तार. कार्बोरेटरवर नंबर असतो, झेनिथ असेल तर अंगावर, मार्व्हल-शेबलर असेल तर टीएसएक्सने सुरू होणारा, ८एनला टीएसएक्स-२४१ यायचा. नंबर नसलेला गुळगुळीत कार्बोरेटर म्हणजे मागून आलेला.

रॉकेलवाला मात्र डोकं लावून शोधायला लागतो, कारण तो पेट्रोलवाल्याचाच भाऊ, तेच प्लग, तोच कार्बोरेटर, आणि आपल्याकडे कोणाला आठवतच नाही की ट्रॅक्टर रॉकेलवर चालायचा. विलायतेत ट्रॅक्टरसाठी वेगळं रॉकेल मिळायचं, टीव्हीओ म्हणतात त्याला, तिथं ते १९७४ पर्यंत विकलं जायचं. आपल्याकडे रॉकेल म्हटलं की आजीचा स्टोव्ह आणि रेशनच्या दुकानातली कॅनची रांग आठवते, पण इंजिनासाठी त्याची अडचण वेगळी, थंड असताना त्याची वाफ होत नाही. म्हणून ट्रॅक्टर पेट्रोलवर चालू करायचा, मॅनिफोल्ड (इंजिनाचा हवा-धुराचा नळ) चांगला तापला की कॉक फिरवून रॉकेलवर टाकायचा, आणि बंद करायच्या आधी परत पेट्रोलवर आणायचा म्हणजे कार्बोरेटरच्या वाटीत पेट्रोल भरून राहील, नाहीतर सकाळी हँडल मारून मारून खांदा निखळेल. या सगळ्या उपद्व्यापाच्या खुणा मशीनवर राहतात. टाकीत दोन कप्पे, एक मोठा रॉकेलचा, एक छोटा गॅलनभर पेट्रोलचा, दोन वेगळी झाकणं किंवा एक झाकण बुजवल्याची खूण. खाली तिवाटी कॉक, किंवा दोन नळ्या येऊन एकत्र मिळतात अशी जागा. एक्झॉस्ट आणि इनलेट मॅनिफोल्ड एकमेकांना चिकटून एकत्र ओतलेले, वर उष्णता धरून ठेवायला पत्र्याचं आवरण, निदान त्याचे बोल्ट बसायची जागा. रेडिएटरसमोर शटर किंवा पडदा, कारण इंजिन गार झालं की रॉकेल न जळता पिस्टनच्या बाजूनं खाली उतरतं आणि ऑइल पातळ करतं, म्हणून टेंपरेचर मीटर. कार्बोरेटरच्या वाटीला खाली निचऱ्याचा छोटा नळ. आणि कॉम्प्रेशन पेट्रोलवाल्यापेक्षा कमी. ही शेवटची गोष्ट बाहेरून दिसत नाही पण हेड उघडलं असेल तर पिस्टन बघा. टाकीचा कप्पा बघायला टॉर्च लावा आणि लांब काडी आत घालून बघा, एका बाजूला काडी अडली तर आत भिंत आहे. चुंबक टाकीवर फिरवा, जिथं पकडत नाही तिथं लांबी (पुट्टी) भरलीय, म्हणजे तिथं आधी काहीतरी होतं, बहुतेक दुसरं झाकण. माझ्या मते हा एकच पुरावा दहा कागदांना भारी आहे, नवीन टाकी घालणारा माणूस मुद्दाम दोन कप्प्यांची टाकी शोधून कशाला घालेल.

डिझेलवाल्याला नोझलकडून टाकीकडे परत जाणारी रिटर्न लाईन असते, तिच्यासाठी मूळच्या डिझेल टाकीला कारखान्यातूनच निप्पल दिलेला असतो, पण कन्व्हर्ट केलेल्या टाकीला नंतर भोक पाडून पितळेचा तुकडा डाग दिलेला असतो, हाताने डाग दिलेला लगेच कळतो. डॅशबोर्डवर बघा, डिझेलला बंद करायची स्टॉपची तार असते, चोकचं भोक बुजवलेलं दिसलं तर तो आधी पेट्रोलवर किंवा रॉकेलवर होता. इंजिन ब्लॉकवर डिस्ट्रिब्युटर बसायची जागा झाकणाने बंद केलेली असेल तर तसंच. फर्ग्युसन टीईएफला डिकॉम्प्रेशनचा लिव्हर आणि सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या मिळून १२ व्होल्ट यायचे, तो बॅटरीचा दोन खणी पेटारा नसेल तर शंका घ्या.

डिझेल पंपाची पाटी वाचायला शिकलात तर अर्धं काम झालं. लाईन पंप असेल, म्हणजे एका रांगेत एलिमेंट (डिझेल ढकलणारे दट्टे) असलेला, तर पाटीवर पीईएस ४ए ७५ असं काहीतरी असतं. पीई म्हणजे पोटात स्वतःचा कॅमशाफ्ट असलेला पंप, एस असेल तर फ्लँजने बसणारा, ४ म्हणजे चार सिलिंडर, ए हा पंपाचा साईज, ७५ म्हणजे एलिमेंटचा व्यास साडेसात मिलिमीटर. हा कोड बॉशचा, पण १९३१ नंतर काही वर्षं सीएव्ही ही ब्रिटिश पंप कंपनी आणि बॉश एकत्र होते म्हणून सीएव्हीच्या पाटीवर पण तोच कोड येतो, फक्त पुढे बी लागतो, बीपीई. गव्हर्नरची (इंजिनाचा वेग ताब्यात ठेवतो तो) पाटी वेगळी असते, आरएसव्ही ३००-११०० म्हणजे पंपाचे आरपीएम, फोर स्ट्रोकमध्ये पंप इंजिनाच्या निम्म्या वेगाने फिरतो म्हणून इंजिनाचे ६०० ते २२००. तुमच्या ट्रॅक्टरचा रेटेड स्पीड १६५० असेल अन् पंप ११०० चा असेल तर तो दुसऱ्या कुठल्या तरी गाडीवरून काढून आणलाय. गव्हर्नरवर एम असेल, किंवा मॅनिफोल्डच्या गळ्यातून एक बारीक नळी पंपाच्या मागच्या डब्याला जात असेल, तर तो हवेवर चालणारा गव्हर्नर, १९५० च्या दशकातल्या छोट्या डिझेलना बऱ्याचदा असायचा, आणि त्याचा पडदा फाटला की इंजिन सुसाट सुटतं, त्यामुळे असा पंप चालू करायच्या आधी तो पडदा बघूनच घ्या.

गोल रोटरी पंप, म्हणजे सीएव्हीचा डीपीए, तो १९५० च्या दशकाच्या शेवटी शेवटी आला. त्यामुळे १९५२ च्या टीईएफवर डीपीए दिसला तर तो ओरिजिनल असूच शकत नाही. पण १९६० च्या तीन सिलिंडर ३५ वर डीपीए असलाच पाहिजे, तिथं लाईन पंप दिसला तर उलट शंका घ्यायची. पाटीवर मायको लिहिलं असेल तर लक्षात घ्या, ती कंपनी बंगलोरला १९५१ ला सुरू झाली, १९५० सालच्या आयात ट्रॅक्टरवर मायको म्हणजे बदललेला. बदललेला म्हणजे वाईट असं मी म्हणत नाही हां, चालवायचा असेल तर मायकोचे सुटे भाग मिळवणं कितीतरी सोपं, ओरिजिनलचा हट्ट फक्त रिस्टोरेशन करणाऱ्यांसाठी.

पंप ओळखता येत नसेल तर फोटो घेऊन कुर्ल्याला एखाद्या जुन्या पंप कॅलिब्रेशनवाल्याकडे जा, शक्यतो दुपारच्या नमाजनंतर, सकाळी त्यांच्याकडे टेम्पोवाल्यांची गर्दी असते. मी ज्यांच्याकडे जातो त्या चाचांनी एकदा मला मोबाईलवरचा फोटो न झूम करता सांगितलं होतं, "भाई, ये पंप ट्रॅक्टर का नहीं, जनरेटर का है." नागदेवीला पाईप, युनियन, वॉशर मिळतात, मोजून न्या, आणि डिझेलच्या हाय प्रेशर पाईपची चुडी ब्रिटिश ट्रॅक्टरवर पण मेट्रिक असते हे त्यांना सांगायला विसरू नका, नाहीतर ते ट्रॅक्टर ब्रिटिश म्हणून बीएसएफ (ब्रिटिश बारीक चुडी) हातात ठेवतात अन् तुम्ही परत वसई गाठता. हे मी स्वतः केलंय.

तर वसईचा ट्रॅक्टर. पाटी पॉप रिव्हेटवाली, त्यावर टीईडी आणि एक लाख दोन हजार आणि काहीतरी, शेवटचे आकडे घासलेले. म्हणजे पाटीप्रमाणे १९४९, रॉकेलवाला. पाटी ढापलेली असेल अशी शंका होतीच. मग बॉनेट उचललं, इंजिनाला तीनच नोझल, बाजूला पर्किन्सचा चार कड्यांचा बिल्ला, लाईन पंपावर पीई आणि पुढे ३. टीई-२० च्या एकाही कारखाना इंजिनाला तीन सिलिंडर नव्हते, सगळे चार. पर्किन्स त्या काळात फर्ग्युसनमध्ये बसवायला पी-३ डिझेलचे किट विकायचं, त्यातलंच हे असणार, बॉनेट पण म्हणूनच नीट बसत नव्हतं. डायनामो पुसला तर ३ ५६. मग डॅशबोर्डच्या मागे हात घातला, चोकच्या भोकात लाकडाची खुंटी. आणि टाकीत काडी घातली तर पुढच्या बाजूला टक्क अडली.

म्हणजे ज्या पाटीवर मी शंका घेतली ती बिचारी खरी बोलत होती आणि ज्या डिझेलची मालक शपथ घेत होते ते नंतर बसवलेलं. ट्रॅक्टर १९४९ चाच, पण रॉकेलवर जन्मलेला, अन् डायनामो इंजिनाबरोबरच आला असेल तर डिझेल १९५६ च्या आसपास कधीतरी. मी मालकांना सांगितलं तर ते जरा हिरमुसले, मग आतून त्यांच्या वडिलांच्या वेळची पत्र्याची पेटी घेऊन आले, त्यात वेगवेगळ्या मापांचे पाने, एक गंजलेली खुरपी, आणि तळाशी कापडात गुंडाळलेला पितळेचा तिवाटी कॉक, त्यावर एका बाजूला पी आणि दुसऱ्या बाजूला टीव्हीओ कोरलेलं. ट्रॅक्टरचा सौदा अजून चाललाय, किंमत ते डिझेलची सांगतायत आणि मी रॉकेलची मागतोय. कॉक मात्र मी त्याच दिवशी खिशात घालून आणला.